बरं हाये, साहेब

डॉक्टर साहेब,
जय भीम.

हे पत्र मी धाडणार नाही, म्हणून खरं लिहून राहिली.

माह्या बाबाले लकवा मारला, त्याले बुधवारी वर्ष होते. तुमच्या नव्या औषधाच्या रिसर्चमध्ये त्याईचं नाव मीच देलं. तुमी दर तीन महिन्यानं फोन करता अन् विचारता, "रामाजी, कसे आहात? आपल्या हातानं जेवता ना?" बाबा म्हणतात, "बरं हाये, साहेब." तुमी तेच लिहून घेता.

काहून लिहून घेता जी? कोराडीच्या पावर हाऊसात त्याईनं तीस वर्षं कोळसा ओढला. साहेबानं कसा हायेस विचारलं, त अंगात ताप असला तरी "बरं हाये" म्हणाचं, हेच शिकले ते. एवढं शिकलेले तुमी, तुमाले हे समजत नाही? त्याईचा उजवा हात उठत नाही. शर्टाची बटनं मी लावते, घासही मीच भरवते. एक दिवस घरी येऊन पाहाले काय झालं? तुमच्या कागदात माहा बाप बरा झाला, अन् त्याच कागदावरून उद्या दुसऱ्याच्या बापाले तेच औषध द्याल.

आज तुमचा फोन मी उचलला. सारं सांगाचं ठरवूनच उचलला. तुमी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

बाबा खाटेवरून माह्याकडं पाहून राहिले होते. त्याईच्या हनुवटीवरचं वरण मी अजून पुसलं नव्हतं.

मी म्हणलं, "बरं हाये, साहेब."

रामाजीची पोरगी,
सोनिका