सिएमचे खोटे चित्र आणि दरबाराचे मैदान

मी, एर्मिना सिएमलिएह, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार मावदोहलांग, खासी डोंगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शेजाऱ्यांचे मत घेऊ नये.

१. राहते घर. ते आईकडून धाकटी म्हणून माझ्याकडे आले. मला मुलगी नाही, म्हणून ते थोरल्या बहिणीची धाकटी मुलगी इबालिन हिच्याकडे जाईल. तिने आधी छपराचे पत्रे बदलावेत, पडदे नंतर.

२. बैठकीतले तैलचित्र. त्यात माझ्या आजीचे भाऊ, आमचे सिएम, म्हणजे डोंगरातले राजे, रोस्टर माणिक, दिल्ली दरबारात इंग्रज बादशहापुढे गुडघे टेकून, अंगावर वाघाचे कातडे घेऊन बसले आहेत. प्रत्यक्षात ते रेशमी पागोटे घालून ताठ उभे होते. संधिवाताने त्यांचा गुडघा वाकतच नव्हता. चित्रकार साहेब आमच्या डोंगरात कधी फिरकला नाही. शेजारी मुकुट घालून उभा आहे तो त्यांचा मुलगा. चित्रामागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर साहेबाने त्याला 'वारस' केले आहे. सिएमची गादी बहिणीच्या मुलाकडे जाते, हे आमच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे.

३. माझी चूक. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हे चित्र छापताना मी त्या चिठ्ठीचे भाषांतर खाली घातले: 'सिएम व त्यांचे वारस'. एकतीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या आणि ही ओळ मी स्वतःच्या सहीने छापली. ती मी रद्द करते. माझा भाऊ सिएम होता. तो गेल्यापासून गादी रिकामी आहे. तिच्यावर हक्क इबालिनचा भाऊ डोनबोक याचा. तो फार झोपतो, पण हक्क त्याचाच. चित्रातल्या मुलाचा नातू ट्रेसवेल मात्र स्मरणिका नाचवत गादी मागतो आहे. त्याला मी घरी बोलावले. थोरल्या बहिणीला म्हणतात तसे मला काँग म्हणाला:

"काँग, छापलंत तुम्हीच ना? आता खोटं कसं झालं?"

"तेव्हाही खोटंच होतं. मी न बघता छापलं."

"मग या की दरबारात, सांगा सगळ्यांना!"

आणि हसला. दरबारात, म्हणजे सिएम निवडणाऱ्या आमच्या सभेत, बाईने बोलायचे नाही, एवढाच रिवाज त्याला पाठ आहे. मी दरबाराला पत्र पाठवले. ते न उघडता परत आले, सोबत पान-सुपारी.

४. हे चित्र ट्रेसवेलला द्यावे. गुडघे टेकलेला पूर्वज त्याला शोभतो.

५. मैदान. दरबार भरतो ते मैदान माझ्या पेन्शनमधून घेतलेले, खरेदीखत माझ्या नावचे. नव्या सिएमची निवड मार्चमध्ये आहे. डॉक्टर मला फेब्रुवारीपर्यंत देतात. मैदान मी दरबाराला देते, एका अटीवर: निवडीआधी वरील कलम दोन व तीन दरबारातले बाह (श्री.) पिनशंगाईन लिंगडोह यांनी उभे राहून, मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचावे. ते पुरुष आहेत आणि आवाज खणखणीत आहे. बाई बोलते आहे अशी कुणी हरकत घेतल्यास, बाई वारली आहे असे सांगावे.

वाचू न दिल्यास मैदान शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाला जाईल. गोलाचा एक खांब सिएमच्या आसनाच्या जागीच रोवावा.

आमच्यासमोर वाचून सही केली:
क्लोमेन्डार वारजरी, शिक्षक
रिकमेन्सी खारबुली, परिचारिका

(सही) एर्मिना सिएमलिएह
मावदोहलांग, ९ जानेवारी २०१९