नमुना क्रमांक एक

३ जून

आले बाई एकदाची! जुन्या विभागप्रमुखांच्या नाकावर टिच्चून आले. वीस वर्षं त्यांचं एकच पालुपद: तोंडातले जंतू तोंडातच राहतात, मॅडम उगाच त्यांना हृदयापर्यंत पोचवतात. पोचतातच! हिरडीतून रक्तात, रक्तातून हृदयाच्या झडपेवर. सिद्ध केल्याशिवाय मी काही मरत नाही. या संस्थेने मला अख्खी प्रयोगशाळा दिली आहे. वर दोन खोल्या कामाला, खाली एक राहायला. खिडकीतून दातांच्या दवाखान्याची रांग दिसते, गालावर हात धरून बसलेली माणसं. मला तर ती खाणच वाटली.

ही प्रयोगशाळा जिने उभी केली तिला सगळे थोरल्या बाई म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या हाताखालचा तंत्रज्ञ अजून आहे. साठीचा, मास्क कधीच काढत नाही आणि तोंडातून चकार शब्द नाही. ऐकू सगळं येतं, सांगायचं ते चिठ्ठीवर लिहितो. बाई गेल्यापासून असाच आहे, असं कारकून म्हणाला. मी मनातल्या मनात त्याचं मौनीबाबा असं बारसं करून टाकलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. नातू चार महिन्यांचा झाला, पालथा पडायला लागला. बाळाला दाखवायला येऊ का, म्हणत होती. म्हटलं, आधी मला बूड टेकू दे.

६ जून

तोंडाचा अभ्यास करणारे आम्ही लोक निरोगी माणूस शोधत हिंडत नाही. आपलाच दात खरवडतो आणि तुलनेसाठी ठेवून देतो. इथे तर तो रिवाजच आहे. जो येईल त्याने पहिल्या आठवड्यात आपला नमुना द्यायचा, मग तो कुपीत भरून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये. माझा क्रमांक सदतीस. क्रमांक एक खुद्द थोरल्या बाईंचा.

इतकी वर्षं गोठलेलं अजून जिवंत आहे का, बघावं म्हटलं. त्यातलं थोडं जंतू वाढवायच्या एका प्लेटवर रेघा ओढून पसरलं, शेजारच्या प्लेटवर माझं. मौनीबाबाने मान हलवून नको नको म्हटलं. मी ऐकते होय!

११ जून

बाईंची प्लेट नुसती जिवंत नाही, ओसंडून वाहते आहे. या जंतूंना एरवी अशी घाण येते की नाक मुठीत धरावं लागतं. हिला मात्र लवंगेचा वास. प्लेट हुंगायची नाही हे मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना ओरडून सांगितलं, आणि वीस वर्षं स्वतः हुंगत आले. जित्याची खोड. आजही झाकण उघडून छान लांब श्वास घेतला, इतका जवळून की नाकाच्या शेंड्याला गार लागलं. मौनीबाबाने प्लेट अक्षरशः हिसकावली आणि चिठ्ठी पुढे केली. बाईंनाही हुंगायची सवय होती, त्यात लिहिलं होतं.

मला राग आला तो आलाच. कुणाची मजाल नाही माझ्या हातातली प्लेट ओढायची.

२ जुलै

दर आठवड्याला माझं तोंड तपासते. आधी बाईंच्या नमुन्याशी काही साम्य नव्हतं. गेल्या आठवड्यात वीस टक्के, आज पंचेचाळीस. प्लेटांची अदलाबदल झाली असणार म्हणून तीनदा केलं. तीनदा तेच.

एक गंमत लिहून ठेवते. माझी जीभ सारखी खालच्या डाव्या दाढेकडे जाते आणि तिथे फट शोधते. फट नाही, दाढ ठणठणीत आहे. जिभेला ते पटत नाही.

९ जुलै

अडुसष्ट टक्के. दोन प्रकारची प्रतिजैविकं घेतली, जंतुनाशकाने दिवसातून आठ वेळा चूळ भरते. टाळूची साल निघाली, टक्के काही उतरले नाहीत. आज सकाळी ती दाढ अलगद हातात आली. रक्ताचा थेंब नाही. जीभ फटीत जाऊन बसली, आपल्या जागी बसावी तशी.

घाबरले. लिहायला लाज कसली? पण हटायची नाही मी. विभागप्रमुखाला नमवलं, जंतूंचं काय घेऊन बसलात!

१४ जुलै

संस्थेच्या बैठकीत माझ्या कामाबद्दल सांगायला उभी राहिले. तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. संथ, किनऱ्या आवाजात, एकेकाला एकेरीत हाक मारून, कुणाचं काय चुकलं ते सांगत. मी त्यातलं काहीच ठरवलं नव्हतं. कारकुनाच्या हातातला कप खाली पडला. तो पुटपुटला की हा थोरल्या बाईंचा आवाज आहे.

बाहेर मौनीबाबाने लांबलचक चिठ्ठी दिली. बाई गेल्या तेव्हा त्यानेही त्यांच्या नमुन्याची प्लेट हुंगली होती. त्याचंही तोंड त्याचं राहिलेलं नाही. उघडलं की बाई बोलतात, म्हणून अकरा वर्षं त्याने ते बंद ठेवलं. मलाही तोच उपाय सुचवलाय. हाताची घडी, तोंडावर बोट.

म्हणजे जन्मभर? छे! तिच्यासाठी मी का गप्प बसू?

१९ जुलै

ब्याण्णव. आज क्रमांक एकची कुपी आणि तिच्या सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, तासभर वाफेत उकडल्या. मौनीबाबा भिंतीला टेकून रडत होता. आता ती फक्त दोन तोंडांत उरली, त्याच्या आणि माझ्या. ती दोन्ही म्हातारी होत चालली आहेत. आमच्याबरोबर तीही संपेल. जिंकले मी!

२० जुलै

नाही जिंकले.

दुपारी डोळा लागला होता. जागी झाले ती स्वतःच्या आवाजाने. हातात फोन, आणि माझं तोंड लेकीशी बोलत होतं. माझ्याच आवाजात. माझा आवाजही शिकली आता थोरली. ये गं, बाळाला घेऊन ये, आजीला त्याचा मुका घेऊ दे, म्हणाली. लेक आनंदाने रडत होती.

बाळाचं तोंड. दात नसलेलं, कोरं. त्यात घरच्यांचेच जंतू आधी वस्तीला येतात, एका मुक्याने येतात. मीच हे छापलंय. ऐंशी वर्षांचं घर हवंय तिला.

२१ जुलै

हात अजून माझा आहे. लेकीला लिहिलं, येऊ नकोस, मी आजारी आहे, लागण होईल. तिने लगेच फोन केला. उचलला नाही. उचलला तर माझ्या तोंडून ती थोरली बोलेल. सतरा वेळा वाजला. मग लेकीचं उत्तर आलं की आई, घाबरू नकोस, उद्याच निघते. हात दाखवून अवलक्षण! शेवटी माझीच लेक ती, कुणाचं ऐकणारी थोडीच.

२२ जुलै, सकाळ

तोंडात कापसाचे बोळे, वरून चिकटपट्टी, चार पदरी. मौनीबाबाला वरच्या खोलीला बाहेरून कुलूप घालायला लावलं. किल्ली त्याच्याकडे. लेक आली की चिठ्ठी दाखवून तिला परत पाठवायचं, असं ठरलंय. त्याने छातीवर हात ठेवून शब्द दिला. अकरा वर्षं टिकला, एक दिवस टिकेलच.

जीभ बोळे ढकलतेय—

दुपार

आली दोघं. पायऱ्यांवर लेकीची पावलं. बाळ हसतंय. लेक विचारतेय, आई कुठाय, कुलूप का, बोलत का नाही तुम्ही—

कागदाची सळसळ. चिठ्ठी वाचत असेल. जा गं, जा माघारी—

आता आवाज. बाईंचा, किनरा. पण माझं तोंड बंद आहे. पट्टी चाचपली, जागेवर आहे. मग कोण—

तो. मौनीबाबा बोलतोय. ये गं बाळे, म्हणतोय. आईला बरं नाही, तिला झोपू दे. बाळाला दे माझ्याकडे, तू पाणी पी—

दाराखालून कागद सरकवला, बाळ देऊ नकोस असा. बुटाखाली गेला. दुसरा सरकवला, तोही गेला. दार बडवतेय. लेक विचारतेय हा कसला आवाज. तो सांगतोय, तापात हातपाय आपटते—

बाळ त्याच्याकडे गेलं. ऐकू येतंय. मास्कचं इलास्टिक सुटल्याचा आवाज—

आता एकच उरलं. पट्टी काढते. शब्द तिचे होतील, होऊ देत. मी शब्द बोलणारच नाही. किंकाळीला जीभ लागत नाही, ओठ लागत नाहीत, ती छातीतून येते, आणि छाती माझी आहे. लेकीला माझी किंकाळी कळेल, तिच्या जन्माच्या वेळी मी जी—

दोन पदर निघाले. तिसरा—