चुड्याच्या काचेची कर्णफुलं

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज मी तुझ्यावर चिडले आहे.

हे गेल्यापासून मी जुन्या मायक्रोवेव्हमध्ये काच वितळवते. अन्न गरम करायला आता दुसरा आहे. डब्याएवढी पांढरी भट्टी मिळते. तिच्यात काचेचे तुकडे रचायचे, झाकण लावायचं, ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवून तो चालू करायचा. काही मिनिटांत आत निखाऱ्यासारखं लाल होतं. मग तासभर झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर काच तडकते. भाचीच्या चुड्यासाठी आणलेल्या हिरव्या बांगड्यांतल्याच थोड्या घेऊन तिला कर्णफुलं करायची ठरवली. पहिल्यांदा बांगडीचे तुकडे विकतच्या काचेवर मांडले. गार होता होता टक् आवाज आला आणि मधोमध चीर गेली. दोन काचा सारख्या आकसत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. मग नुसत्या बांगड्याच वापरल्या, तेव्हा जमलं.

काल वहिनी न्यायला आली. बार्शीकडची, मोठ्यानं बोलणारी. "अगं बया, बांगड्या फोडून केलंत व्हय?"

"हो, सहा फोडल्या."

"फोडल्या म्हनू नका वन्सं, वाढवल्या म्हना. पर लई भारी झाल्यात की!" कर्णफुलं पर्समध्ये ठेवली आणि आवाज खाली आणला. "परवा कासारीण चुडा भरायला येईल, तवा तुमी जरा आत ऱ्हावा. लोक बोलत्यात."

माझ्या हातची काच तिच्या लेकीच्या कानात चालते, मी समोर बसलेली चालत नाही. आणि मी काय म्हणाले? "बरं."

हे "बरं" तुझं आहे. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. आत्या तुला अंगणातल्या दगडापाशी बसवते, "हात पुढं कर" म्हणते, आणि तू करतेस. बांगड्या फुटतात, मनगटातून रक्त येतं. वर्गात मुलींना "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही" म्हणून दटावणारी तू, एक शब्द बोलत नाहीस. नंतर मी विचारलं, हात मागे का नाही घेतलास? तर मलाच ओरडलीस, "तुला काय कळतंय? गप अभ्यास कर."

माझा चुडा भरला तेव्हाही तू स्वयंपाकघरातच होतीस, लाडू वळत. निदान माझ्यासाठी बाहेर यायचंस. तू त्या दिवशी माझ्याशेजारी बसली असतीस, तर काल मला "नाही, मी बसणार" म्हणता आलं असतं. इतकी वर्षं मी हेच मनात धरून आहे.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. कासारीण माझा हात दाबत म्हणाली होती, "आईला बोलीव की गं, तिलाबी बघू दे." दार अर्धं उघडं होतं, तू दिसत होतीस. समोर सासरची माणसं बसली होती. मी म्हणाले, "तिला काम आहे."