सोहारमधला तांबडा परकर

पप्पा, मस्कतहून तुमची सोहारला बदली झाली तेव्हा मी आठवीत होते. बंदराचं काम जोरात चाललं होतं, आणि आपल्या शेजारी तुमच्याच प्लँटमधल्या आयरिश इंजिनिअरची बायको राहायची. मी तिला आंटी म्हणायचे. एका दुपारी तिच्या दोरीवर लोकरीचा तांबडा परकर दिसला. सोहारच्या उन्हात लोकर! मी विचारायला गेले, तर तिने तो काढून माझ्या हातातच दिला. डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि वजन गोधडीसारखं. परकर तिच्या आजीचा होता. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बायका घरी लोकर कातायच्या, गावच्या विणकराकडून कापड विणून घ्यायच्या आणि असे तांबडे परकर शिवायच्या. तळाशी दुमड्या घातलेल्या होत्या; पोरगी उंच झाली की एकेक उसवायची. "म्हणजे आमच्यासारखंच," मी म्हटलं. ती खूप हसली. मग शाळा सुटली की मी तिच्याकडेच. कधी शाल, कधी लेसची कॉलर, कधी जुना फोटो, आणि प्रत्येकामागे कुणाची तरी गरिबी, कुणाची तरी हौस.

कंपनीच्या फॅमिली डेला प्रत्येक देशाचा पोशाख दाखवायचं ठरलं. आंटीला मुलगी नव्हती. तिने मला विचारलं. आई म्हणाली, "आपली नऊवारी सोडून?" तुम्ही म्हणालात, "घालू दे गं." आदल्या संध्याकाळी ती काळे नाडीचे बूट घेऊन आपल्याकडे आली. तुम्ही चहा पिताय, ती सांगतेय, "आजी रविवारी चर्चला अनवाणी जायची, बूट हातात घेऊन. एकच जोड होता, झिजू नये म्हणून. तूही तशीच स्टेजवर ये." मला गंमत वाटली. तुम्ही कप खाली ठेवलात.

"माझी मुलगी बूट हातात घेऊन चालणार नाही."

आंटी गोंधळली. काही चुकलं का, म्हणाली. आणि मग जे तुम्ही मलाही कधी सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलंत. "माझे वडीलही पायताण हातात घेऊन चालायचे. झिजू नये म्हणून नाही. आमच्या जातीच्या माणसाला वरच्या आळीतून पायात काही घालून जायची बंदी होती." मग आंटीने हळूच विचारलं, "मग ते घालायचे कुठे?"

"आळी संपली की."

"आजी चर्चच्या भिंतीपाशी घालायची," ती म्हणाली. "हिलाही घालू दे. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी तुम्ही माइक मागून घेतलात. तुमच्या ऑफिसमधले एक मराठी काका तुमच्या कानाशी लागले, "साहेब, कशाला उकरून काढता? इथे कुणाला माहीत नाही."

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात.

तुमच्या त्या सावकाश इंग्रजीत तुम्ही दोन्ही गोष्टी सांगितल्यात, आधी आंटीच्या आजीची, मग आबांची, तुमच्या वडिलांची. आवाज एकदाही अडखळला नाही. मी तांबड्या परकरात अनवाणी निघाले, मध्यावर येऊन खाली बसले, बूट चढवले, नाडी आवळली आणि उठून चालू लागले. लाकडी स्टेजवर टाचा अशा वाजल्या की माझीच छाती फुगली! तुमचे ओमानी साहेब उभे राहिले, मागोमाग सगळे. काकांनी टाळ्या वाजवल्या की नाही, मी पाहिलंच नाही. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माइक हातात धरून, मान ताठ करून उभे होतात, जणू आत्ताच कुठूनतरी जिंकून आलायत. आंटी रडत होती आणि रडता रडता सगळ्यांना सांगत होती की परकर आता या मुलीचा.

पप्पा, मी आता पोशाखांचा इतिहास शिकवते. इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा तुम्ही फक्त हसलात. ते हसू मला कुठल्याही डिग्रीपेक्षा मोठं वाटलं. दरवर्षी पहिल्याच तासाला मी पोरांना तुमची आणि आंटीची गोष्ट सांगते. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून कबूल करते: सांगताना मी तो हॉल खच्चून भरवते, मागे उभं राहायलाही जागा ठेवत नाही. खरं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. लोक बाहेर बिर्याणीच्या रांगेत होते.