शून्य लिहिलेली गल्ली

१७ ऑक्टोबर, दुपार

ताई,

तुला नमस्कार, भावोजींना जरा वाकून, आणि भाचीच्या दोन्ही गालांचे पापे. माझा खोकला गेला. नळाला आता सकाळीही पाणी येतं, त्यामुळे रोज अंघोळ करतो. तुला पटणार नाही.

काम अजून तेच, वाळूमाश्या मोजायचं. ही माशी चिलटाहून बारीक असते, भिंतीच्या भेगांत बसते. संध्याकाळी घराघरांत एरंडेल लावलेले कागद टांगायचे, सकाळी चिकटलेल्या मोजायच्या. थंडीत दोन-तीन, उन्हाळ्यात कागद काळा. ती चावली की महिन्या-दोन महिन्यांनी तिथे फोड येतो, तो चिघळतो आणि लवकर भरत नाही. म्हणून जिथे माश्या जास्त, तिथे फवारणी आधी.

शेवटच्या गल्लीत एक शिवणकामवाली मावशी आहे. मला माशीमार म्हणते. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला, सुई धरायच्याच, तशी जखम झालीय. दर आठवड्याला मी तिला दवाखान्यात नेतो. जखमेच्या कडेनं इंजेक्शनं टोचतात तेव्हा डॉक्टरला सोडून मलाच शिव्या घालते.

एवढा पुळका कशाला, म्हणशील. सांगतो.

मे महिन्यात त्या गल्लीत मी कागद लावलेच नाहीत. वाटेत दोघंजण विहिरीत पडलेली सायकल काढत होते, ते बघत बसलो. छान निघाली गं, घंटीसकट. तोवर अंधार पडला. दुसऱ्या दिवशी वहीत त्या गल्लीपुढे शून्य लिहिलं. शून्य म्हणून तिथली फवारणी राहून गेली.

सोमवारी आमच्या साहेबबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, आधी गल्लीतलं घर न् घर बघून ये, तुझं काय करायचं ते मग ठरवू. तशीच जखम झालेले आणखी दोघं निघाले.

मावशीला आज सांगितलं. मशीनवर हात ठेवून तिनं सगळं ऐकलं.

"म्हणजे आळस तुझा आणि बोट माझं."

मी मान हलवली. तिनं सुईदोरा माझ्यापुढे सरकवला.

"ओव. मला जमत नाही आता."

आठ जणांचे कपडे अडलेत तिच्याकडे. बटणं मी लावतोय. वाकडी लागली की उसवायला लावते. माफ केलेलं नाही, तसं स्पष्ट म्हणाली.

पुढच्या महिन्यात तुझं बाळंतपण, आणि मी येतो म्हणालो होतो. तिची इंजेक्शनं तोवर संपत नाहीत, त्या दोघांची तर आत्ता सुरू होतील. येत नाही, हे लिहायला एवढं पान लागलं. रागाव, पण स्वतःला जप.

तुझा, इथेच थांबलेला,
भाऊ