अकरा वर्षं एका ओळीत

३ मार्च

चि. मिरी हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पुस्तकांचं पार्सल, पिण्याचं पाणी आणणाऱ्या बोटीबरोबर पोचलं. एका पुठ्ठ्याला डिझेल लागलंय, तो माझ्याच हाताचा प्रताप. आम्ही पाच जण अजून इथेच, बंदरापासून दोन मैलांवर नांगर टाकून. जहाजाच्या मालकाने पैसे थकवून हात वर केले, बंदरवाल्यांनी जहाज अडकवून ठेवलं, त्याला आता सातवा महिना. उतरायची परवानगी नाही. इंजिन बंद, म्हणून तुझ्या फिटर मामाला काम नाही. काम नाही म्हणून वाचन.

वसतिगृहातून पळणाऱ्या मुलीची तुझी लाडकी कादंबरी वाचली. आईने डायरी वाचली म्हणून बाईसाहेब तीस पानं रुसतात, आणि स्वतःच्या खोलीत खिडकीशी बसून म्हणतात, जीव गुदमरतोय! जेवणं झाली की मी चौघांना वाचून दाखवतो. स्वयंपाकी म्हणाला, हिला चार दिवस माझ्याकडे कांदे चिरायला पाठवा. पुढचं पान ऐकायची घाईही त्यालाच.

ऐतिहासिक कादंबरीने मात्र डोकं फिरवलं. राजपुत्राला किल्ल्यात कोंडतात, इथवर झकास. पुढच्या प्रकरणाची पहिलीच ओळ: अशी अकरा वर्षं लोटली. अगं, कशी लोटली? लेखकाला खोगिरावरची नक्षी दीड पान सांगता येते, आणि हा माणूस रोज दुपारी काय करत होता, ते नाही?

आईला सांग, तब्येत उत्तम. मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

२१ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने आधी फोडलं, वाचलं आणि मग मला दिलं. आता सांग, त्या मुलीने रुसू नये तर काय करावं?

दहावीची परीक्षा संपली. पुढे मी काय शिकायचं ते बाबांनी आणि काकांनी रविवारी ठरवलं; मी चहा घेऊन आत गेले तेव्हा मला कळलं. घरात कोणी ओरडत नाही, सगळे प्रेमानेच बोलतात, त्यामुळे भांडायला सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही. तिला निदान पळायला वसतिगृह तरी होतं.

राजपुत्राचं तुझं म्हणणं पटलं. त्याच पार्सलातली राणीची कादंबरी वाच, तिच्यात घोडे कमी आहेत. स्वयंपाकीकाकांना म्हणावं, कांदे मी बरे चिरते.

लोभ आहेच, तो लांबलचक पत्रातून दिसू दे.

तुझी मिरी

११ एप्रिल

चि. मिरी हिस,
अनेक आशीर्वाद.

राणी वाचून झाली. दुःख झालं की ती गच्चीत जाऊन सूर्यास्त बघते. रोज बघितला की सूर्यास्ताचाही वीट येतो, हे तिला कसं कळत नाही? तिची दासी मात्र खरी वाटली. दागिने पुसता पुसता स्वतःशीच बोलत बसते. तसं होतं.

वसतिगृहवाली पुन्हा काढली. मोठ्याने वाचतो, आवाज बरा वाटतो. या खेपेला तीस पानं जास्त वाटली नाहीत. काल वाचण्याच्या नादात भात करपला, तसाच खाल्ला. बाकी ठीक.

तुला काय शिकायचंय ते आधी मला लिही. आठवण काढत जा, एवढंच मागणं.

मामा

२५ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

एक विचारते, खरं सांग. मागच्या पत्रात स्वयंपाकीकाका कुठेच नाहीत. भात तू करपवलास. आधी चौघांना वाचून दाखवायचास, आता आवाज बरा वाटतो म्हणून वाचतोस. 'आम्ही' हा शब्द मी तीनदा शोधला, एकदाही सापडला नाही.

तू जहाजावर एकटा आहेस का?

या वेळी तुझं पत्र मीच आईपुढे ठेवलं. तिने वाचलं, गॅस बंद केला आणि खुर्चीत बसून राहिली. माझ्या शिक्षणाचं नंतर. आधी उत्तर. राग मानू नकोस, पण चुकवूही नकोस.

मिरी

९ मे

चि. मिरी हिस,
आशीर्वाद.

हो. २८ मार्चपासून.

बंदराच्या कचेरीतले साहेब कागद घेऊन आले. चौघांना घरी सोडतो म्हणाले, पण जहाज रिकामं ठेवता येत नाही, एकाने राखणदार म्हणून सही करावी. स्वयंपाक्याची बायको आजारी, बाकीच्यांची मुलं लहान. मी सडाफटिंग. चौघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं, त्यावरूनच मी काय ते समजलो. सही केली, न वाचता. कागदावर लिहिलं होतं, जहाज विकलं जाईपर्यंत.

सकाळी पंप बघतो, तळाशी पाणी किती आलं ते बघतो, नांगराची साखळी बघतो. तेवढ्यात नऊ वाजतात. मग दुपार. दुपार जात नाही, मिरे. जिन्याच्या पायऱ्या मोजतो, मग उलट्या मोजतो. त्या वसतिगृहवालीशी भांडतो, आणि दर वेळी तिचंच खरं ठरतं. मंगळवारी दाढी करतो, कोणासाठी ते ठाऊक नाही. परवा पाण्याच्या बोटीवरच्या माणसाने काहीतरी विचारलं, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा घाबरलो.

आईला सांगू नकोस असं लिहिणार होतो. नाही लिहीत.

मामा

२३ मे

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

शहाण्या, सही करण्याआधी वाचायचं असतं, हे तुला मीच शिकवलं होतं ना? मी आणि मिरी चार दिवस खलाशी संघटनेच्या कचेरीत बसून होतो. तीन दिवस साहेब जागेवर नव्हते. चौथ्या दिवशी फाईल बघून कळवतो म्हणाले, तर हिने तुझं पत्र उघडलं आणि भर कचेरीत वाचायला लागली. दुपार, पायऱ्या, दाढी, सगळं. शेवटी आवाज चिरकला, पण थांबली नाही. साहेबांनी तिथूनच बंदराला फोन लावला.

३ जूनला दोन माणसं येतील, त्यांची दर महिन्याला पाळी बदलेल. तू उतरायचंस. पुन्हा कोणी कागद पुढे केला तर हात खिशात घाल.

मिरी घरी येऊन तिच्या बाबांशीही त्याच आवाजात बोलली. प्रवेशाचा अर्ज कोराच आहे, पण आता तो बाबांकडे नाही, तिच्या कपाटात आहे.

रागावले असले तरी जीव तुझ्यापाशीच आहे.

ताई

५ जून

चि. मिरी हिस,
अनेक आशीर्वाद.

उतरलो. दोघं आले, तेव्हा आधी त्यांच्या कागदावर तारीख आहे ना ते बघितलं. मग पंप दाखवला. पुस्तकं त्यांच्यासाठी ठेवून आलो, रागावू नकोस. शिडीवरून उतरताना कठडा सुटेना. बोटवाल्याने माझं एकेक बोट सोडवलं.

संघटनेने बंदराजवळ खोली दिलीय. काल सकाळी किल्ली मिळाली, आत गेलो आणि पलंगावर बसलो. दुपार झाली, भूक लागली, तरी बसलेलोच. कोणीतरी येईल आणि 'जा' म्हणेल, म्हणून थांबलो होतो. चार वाजता लक्षात आलं, तसं म्हणणारं इथे कोणी नाही.

चपला घालून बाहेर पडलो. शंभर पावलांवर पाय आपसूक मागे वळले; जहाजाची लांबी तेवढीच होती. पुन्हा निघालो, पुन्हा तिथूनच वळलो. तिसऱ्या खेपेला एका दुकानाची भिंत धरून उभा राहिलो आणि पुढचं पाऊल टाकलं. रस्ता होता. कोपरा आला, वळलो, तिथेही रस्ता होता. मग चालतच राहिलो, मिरे, वाट चुकेपर्यंत.

रविवारी घरी पोचतोय. तोवर लोभ सांभाळून ठेव.

तुझा मामा