फॉर्मची तारीख

विनिपेग,
सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रिय फिना,

थोरल्या भावाचे, तुझ्या मानोंगचे आशीर्वाद. तुझं जानेवारीतलं पत्र पोचलं. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून पत्रं डेल्फिनच्या हातची येतात. अक्षर तुझ्या मुलाचं आणि बोलणं तुझं, याची मला आता सवय झालीय. माझं उत्तरही तोच तुला वाचून दाखवतो म्हणालीस. मला ते इथून दिसतं. चिंचेखालची ओसरी, तुझ्या मांडीवर शेंगांचं सूप, पायांत कोंबड्या.

पत्रात तू एकच गोष्ट विचारलीस. "मानोंग, डेल्फिनचा फॉर्म तू कुठल्या तारखेला भरलास ते नीट कळव. तो तिथल्या कचेरीला फोन करणार म्हणतो, ते आधी तारीख विचारतील."

तारीख कळवतो. आधी इथली खुशाली.

थंडी उणे एकतीस आहे. आज प्रांताची सुट्टी, पोस्ट बंद, म्हणून घाई नाही. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात माझे पाय तपासले. साखरेमुळे बोटं बधिर होतात म्हणे. सुई टोचून विचारत होते, "आता कळतंय? आता?" मी छताकडे बघत होतो. मला वाटलं अजून सुरुवातच झाली नाही. खाली बघितलं तर पाची बोटांवर रक्ताचे ठिपके.

बाकी ठीक. सकाळी मॉलमध्ये आम्ही म्हातारे एकच कॉफी घेऊन बारापर्यंत बसतो. पोन्सियानो अजून तसाच, तोंडाला कुलूप नाही. त्याच्या बायकोने आंबवलेल्या मासळीची बरणी दिली. ती उघडली की आपल्या बंदराचा वास घरभर होतो, आणि मी खिडकीही उघडत नाही. उघडली तर तो वास जाईल आणि मीही गारठेन.

तुझ्या वहिनीची, रेमेडियोसची शिलाईची खोली झाडून ठेवली आहे. खिडकी पूर्वेला. तुला मी या खोलीबद्दल पूर्वी लिहिलं होतं.

आपले मास्तर आठवतात? अगबायानी मास्तर, स्वतः कविता करून फळ्यावर लिहायचे आणि आम्हाला उभं करून म्हणायला लावायचे. तू तेव्हा बिगरीत होतीस, खिडकीतून चिडवायचीस. त्यांची एक होती:

नदी म्हणे समुद्राला, थांब जरा, मी येते,
वाटेत एक गाव आहे, त्याला पाणी देते.

पहिली ओळ कोन्सोलासियोन म्हणायची, दुसरी मी. वार्षिक समारंभात तिच्या वेणीत पांढरी फुलं होती आणि मी माझी ओळ विसरलो. मास्तर पडद्याआडून ओरडले, "पाणी, गाढवा, पाणी!" आणि कुणीतरी खरंच पेला आणून दिला. तू त्यावरून मला लग्नापर्यंत छळलंस. आई म्हणायची, याला कवितेने जेवायला घातलं पाहिजे, म्हणजे कळेल.

कविता का काढली ते उद्या लिहितो. हात आखडले.

मंगळवार

फिना, फोनवर सांगता आलं असतं. पण व्हिडिओवर तुला माझं नुसतं कपाळ दिसतं आणि मला तुझा कान, आणि कानाशी मी काहीही बोलतो. तीन वर्षं तेच केलं.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तू डेल्फिनबद्दल विचारलंस. लावागच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, वय त्रेचाळीस, हातात वीस वर्षांचं काम. मी हसून म्हणालो होतो, बर्फ करणारा बर्फात येतोय, याला स्वेटर लागणार नाही. व्हिसा देतं ओटावाचं सरकार. पण कुणाला द्यावा, ते नाव आमचा प्रांत सुचवू शकतो. लोक टोरांटोला पळतात, इथे राहत नाहीत, म्हणून प्रांत नाव सुचवण्याआधी बघतो की याला कामासोबत इथे आपलं माणूस आहे का. त्या माणसाने हमीदार म्हणून सही करायची. विमानतळावर कोण घ्यायला जाईल, कुठे राहील, काम मिळेपर्यंत काय करेल, सगळं लिहून द्यायचं. मी सख्खा मामा. माझ्या सहीला गुण जास्त होते.

एक नियम मी तुला सांगितला नाही. हमीदाराने एका वेळी एकाच माणसासाठी सही करायची. तो इथे येऊन पोचेपर्यंत दुसऱ्यासाठी नाही.

त्याच महिन्यात मला बातांगासहून पत्र आलं होतं. कोन्सोलासियोनचं. अठ्ठावन्न वर्षांनी. तिचा धाकटा मुलगा रोडेल, वेल्डर, एकतीस वर्षांचा, इथे ओळखीचं कुणी नाही. पत्राच्या शेवटी तिने मास्तरांची पहिली ओळ लिहिली होती. खाली एक ओळ भरेल एवढी जागा कोरी.

मी ती जागा भरली, फिना. मी रोडेलसाठी सही केली.

मनाशी हिशेब असा की हा पोरगा तरुण, वर्षाच्या आत येईल, मग लगेच डेल्फिनचं. तुला म्हणालो, फॉर्म गेला. तू देवळात मेणबत्ती लावलीस.

पूर्वेच्या खिडकीची खोली मी मनात डेल्फिनसाठी ठरवली होती. तीच मी रोडेलच्या फॉर्मवर लिहिली, शब्द न बदलता. ओळख कशी, या प्रश्नाला मी तीन पानं लिहिली. कचेरीतून एका बाईंचा फोन आला.

"मिस्टर ताबांगकुरा, वाचलं मी सगळं. फार छान लिहिलंय. पण अर्ज मुलाचा आहे की आईचा?"

"मुलाचा."

"मग मुलाबद्दल दोन ओळी मिळतील का?"

मला दोन ओळी सुचेनात. त्याला मी पाहिलेलाच नव्हता. पोन्सियानोला सांगितलं तर कॉफी नाकात जाईपर्यंत हसला. म्हणाला, "मेल्या, तू सरकारी फॉर्म भरलास की प्रेमपत्राला उत्तर दिलंस? आणि बहिणीला काय सांगणार?" मी म्हणालो, बहिणीचं पुढच्या वर्षी. तो एकदम गप्प झाला. पोन्सियानो गप्प झालेला मी दोनदाच पाहिलाय. त्याआधी एकदाच, रेमेडियोस गेली तेव्हा.

वर्षभराचं काम अडीच वर्षं चाललं. प्रांताने रोडेलचं नाव सुचवलं ते सात महिन्यांत, पुढे ओटावाला कागद पडून राहिले. मधे डेल्फिनला दुबईची नोकरी चालून आली होती. तू विचारलंस, जाऊ दे का? मी फोनवर म्हणालो, थांब म्हणावं त्याला जरा. तो थांबला.

रोडेल गेल्या एप्रिलात आला. मी रेमेडियोसच्या भावाचा जाड कोट घेऊन विमानतळावर गेलो. मुलगा चांगला होता, फिना. भांडी घासायचा, मला काका म्हणायचा. तिसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "आई अजून ती कविता म्हणते का रे?"

"कुठली कविता?"

मी पहिली ओळ म्हटली.

"हां, ती! ती शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तकात छापली होती, तुमच्या दोघांच्या नावासकट. आईला नाही हो काका, तिला पाच वर्षांत काही आठवत नाही. मलाही ओळखत नाही. पत्र मीच लिहिलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना? मला वाटलं अक्षरावरून कळलं असेल."

मी म्हटलं, "भात घे अजून."

एकोणिसाव्या दिवशी तो अल्बर्टा प्रांतात गेला. तिथल्या तेलाच्या कामावर त्याचा मित्र होता. प्रांताला त्याला अडवता येत नाही. एकदा कागद हातात आला की माणूस देशात कुठेही राहायला मोकळा. जाताना पाया पडला. कोट मी राहू दे म्हणालो.

तेव्हा तरी लगेच डेल्फिनचा फॉर्म भरायचा. भरला नाही. एप्रिल, मे, सगळा उन्हाळा. कागद टेबलावर होते. भरला असता तर वर त्या दिवसाची तारीख घालावी लागली असती आणि तू कधीतरी ती पाहिली असतीस, एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

ऑक्टोबरात तू कळवलंस की लुझ हाँगकाँगला गेली. परक्यांची दोन मुलं सांभाळायला, आणि तिची स्वतःची दोन तुझ्याजवळ. तू लिहिलंस, "धाकटी अजून आईची उशी घेऊन झोपते." म्हणजे डेल्फिनने लिहिलं, स्वतःच्या बायकोबद्दल, स्वतःच्या हाताने. मी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि बाजारात जाऊन कांदे आणले.

मग भरला. कचेरीने मागच्या शुक्रवारी कळवलं. साठ गुण लागतात. डेल्फिनचे पंचेचाळिशीपर्यंत बरोब्बर साठ होते. सव्वीस नोव्हेंबरला तो शेहेचाळीस झाला, दोन गुण उतरले. अठ्ठावन्न. पत्र वाचताना मला डॉक्टरांची सुई आठवली. आता कळतंय? आता? मी वाट बघत होतो.

त्या फोनवाल्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, इंग्रजीची परीक्षा पुन्हा दिली आणि एक पायरी वर गेला तर भरून निघेल, पण पुढच्या नोव्हेंबरात आणखी दोन जातील. मी आशा देत नाही. त्या जे म्हणाल्या ते लिहिलं. या वेळी हमीची जागा मोकळी आहे, आणि खोलीही.

आता शेवटचं. हे तुझ्यासाठी नाही, फिना.

डेल्फिन, बाळा, तू हे वाचतोयस. कदाचित मधेच तुझा आवाज थांबला असेल आणि तुझी आई म्हणाली असेल, काय रे, पुढे काय? तू चांगला आहेस, म्हणून मला भीती आहे की तू इथली पानं गाळशील, थंडी, पाय, बरणी वाचशील आणि म्हणशील, मामा खुशाल आहे. तसं करू नकोस. मला कळत नव्हतं की दुसऱ्याच्या हातचं पत्र कसं ओळखायचं. तुझं अक्षर मी ओळखतो. तारीख तूच विचारली होतीस.

आईला सगळं मोठ्याने वाचून दाखव. जिथे तुला थांबावंसं वाटेल, तिथे थांबू नकोस.

तारीख अठ्ठावीस डिसेंबर. मागच्याच वर्षाची.

तुझा मामा, तुझ्या कागदावरचा उशिराचा हमीदार,
एउसेबियो